चेंडूची जागा

ट्राममधल्या त्या माणसाने खाली वाकून उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकवली आणि मग ती आपल्या दोन्ही डोळ्यांना लावली, तेव्हा मला प्रथम राग आला. आपल्या पेटीतली शाल एखाद्या अनोळखी बाईच्या खांद्यावर दिसावी, तसा तो राग होता. माणूस पन्नाशीचा, अंगात बांधकामावरचे चमकते नारिंगी जाकीट, बुटांवर वाळलेले सिमेंट. मराठी घराचा उंबरा त्याने जन्मात ओलांडला नसणार, हे सांगायला कोणी नको होते. पण ती हालचाल बिनचूक होती. मधली तीन बोटे, हलका स्पर्श, आधी डावा डोळा, मग उजवा. बाकीचे लोक उजव्या डोळ्यापासून सुरुवात करतात किंवा नुसता छातीला हात लावतात. डावा आधी, हे आमच्या मिरजेच्या घरातले वळण. माझ्या आईने ते मला लावले आणि मी ते इथे इंग्लंडमध्ये आणले. त्या माणसाच्या हाताला माझे हस्ताक्षर होते.

तो बोलत होता मिहीरशी, म्हणजे माझ्या नातवाशी. मिहीर माझ्या आसनाशेजारी दांडी धरून उभा होता, मुलाखतीसाठी इस्त्री केलेल्या सुटात, मान खाली घालून. माणसाने विचारले, तुम्ही तेच ना, अमेरिकेत किकर होतात ते? मिहीरने मान हलवली नाही, पण नाकारलेही नाही. मग तो माणूस भरभरून सांगू लागला. चार हंगाम त्याने आणि त्याच्या मुलीने मिळून मिहीरचे सामने पाहिले होते. मुलगी आता बारा वर्षांची आहे, मुलींच्या संघात फुटबॉल खेळते, आणि पेनल्टी मारली की असे करते. तिचे पाहून आता सगळा संघच करतो. एवढे सांगून त्याने ते पुन्हा एकदा करून दाखवले आणि विचारले, याचा अर्थ काय हो? मिहीरने माझ्याकडे बोट दाखवले आणि इंग्रजीत म्हणाला, "यांना विचारा. ते यांचं आहे." आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलेल्या मला त्या क्षणी एकच शब्द सुचला. शिष्टाचार, मी म्हटले. माणूस मनापासून हसला. दारे उघडली. उतरता उतरता आम्हाला ऐकू आले, की त्या शेवटच्या वेळी मात्र तुम्ही ते केले नाहीत, माझी मुलगी अजून विचारते का म्हणून. मिहीर विसरलो एवढेच पुटपुटला आणि माझा हात धरून मला फलाटावर उतरवले.

दोन थांब्यांचा प्रवास, तोही माझ्या गुडघ्यामुळे. एरवी ईस्ट क्रॉयडन स्टेशनहून ते ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे. आम्ही ईलिंगहून सकाळी दोन गाड्या बदलून आलो होतो. एका विमा कंपनीत मिहीरची मुलाखत होती आणि ती मी ठरवली होती. आमचे जुने स्नेही कमलाकर यांचा मुलगा यतीन तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला मी फोन केला, त्याने होकार दिला, आणि मिहीरला मी तारीख सांगितली. विचारले नाही. आमच्या घरात मी विचारत नाही, सांगते. बाराची वेळ होती. आम्ही साडेअकराला काचेच्या त्या दालनात जाऊन बसलो, कारण दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचणे हाही माझाच नियम. यतीन खाली येऊन मला वाकून नमस्कार करून गेला. "डॉक्टरकाकू, काही टेन्शन नाही. पॅनल फ्रेंडली आहे, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी," तो म्हणाला, आणि मिहीरच्या पाठीवर थाप मारून लिफ्टने वर गेला. मिहीरने प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर उभी धरली होती. आठ महिन्यांपूर्वी तो अमेरिकेहून माझ्या घरी राहायला आला, तेव्हापासून त्याला असेच बसलेले मी पाहत होते. समोर काहीतरी धरून, त्याच्या आड.

मी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता, हे लिहिताना मला लपवायचे नाही. तो काय करतो ते मला मुलाने, अंशुमनने, समजावून सांगितले होते. त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बाकीचे खेळाडू अंगावर अंग आदळून इंच इंच पुढे सरकतात. किकर त्यात नसतो. तो कडेला तीन तास उभा असतो, आणि संघाचे गाडे अडले की त्याला आत बोलावतात. एक सोबती गुडघ्यावर बसून चेंडू एका बोटाने उभा धरतो, किकर धावत येऊन तो दोन उंच खांबांमधून उडवतो, आणि परत कडेला जातो. सगळा मिळून दीड सेकंदाचा धंदा. हे ऐकून मी अंशुमनला म्हटले होते, यासाठी डॉक्टरकी सोडली का? तो मिहीरचा बाप. पण त्यालाही माझ्यापुढे उत्तर देण्याची सवय नव्हती.

पण ती हालचाल. ती मी कधी दिली, हे मला त्या काचेच्या दालनात बसल्या बसल्या इतके लख्ख आठवले, की समोरच्या टेबलावरच्या कुंडीतली पाने एकाएकी ईलिंगच्या आमच्या बैठकीतली वाटू लागली. मिहीर पाच वर्षांचा. आईबाप दोघेही इस्पितळाच्या ड्यूट्यांवर, म्हणून तो माझ्याकडे वाढत होता. गालिच्यावर त्याच्या आजोबांचे, शशिधरांचे, शस्त्रक्रियेचे जाडजूड पुस्तक पडले होते आणि पळता पळता त्याचा पाय त्याला लागला. मी त्याला थांबवले, वाकायला लावले, बोटे कशी टेकवायची ते त्याचा हात हातात धरून दाखवले. पाय लागला की नमस्कार करायचा. पुस्तकाला, ताटाला, माणसाला. तो गंभीरपणे म्हणाला, "आजी, बॉलला पण?" मी क्लिनिकला निघायच्या घाईत होते, एक बाही कोटात आणि दुसरी बाहेर. मी म्हटले, बॉललाही. "एव्हरी टाइम?" हो, प्रत्येक वेळी. आणि मी दार ओढून घेतले. खेळात पायाने मारायच्या वस्तूला कोण नमस्कार करतो? कोणीच नाही. तो नियम शास्त्रात नाही, मिरजेच्या घरातही नव्हता. तो बस चुकू नये म्हणून मी उभ्या उभ्या केला होता. आणि चेंडू तर लाथ बसताच उडून जातो, मग तो जिथे उभा होता ती जमीन मिहीरने नमस्कारासाठी धरली असणार, हे मला आज कळत होते. सत्तर हजार लोकांसमोर, बर्फ पडत असताना, एका परक्या गावात, चार वर्षे.

आमचे घर हातांचे. शशिधर हाडांचे सर्जन, मी प्रसूतितज्ज्ञ, अंशुमन आणि सून दोघेही डॉक्टर. जेवणाच्या टेबलावर आम्ही एकमेकांच्या हातांकडे पाहायचो, सुतार लाकडाकडे पाहतो तसे. मिहीरला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती, ती सोडून तो, केवळ त्याच्या उजव्या पायासाठी बोलावणाऱ्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जायला निघाला, तेव्हा त्या टेबलावर मी म्हणाले होते, "या घरातली माणसं हातांवर जगली. तुला पायावर जगायचं असेल तर जग." शशिधर असते तर त्यांनी मला नजरेने थांबवले असते, ते आदल्या वर्षीच गेले होते. मिहीर उठला, त्याने आपले ताट विसळून ठेवले, आणि जाताना माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. दहा वर्षे तो हात माझ्या मांडीवर तसाच पडून आहे असे मला अनेकदा वाटते. थंडीच्या दिवसांत विशेष.

विद्यापीठानंतर तो व्यावसायिक संघात गेला आणि त्याच्या पहिल्या हंगामात अमेरिकेहून एक खोके आले. आत चेंडू होता, आपल्याकडच्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा. त्याच्या एका बाजूवर संघाने पांढऱ्या रंगात तारीख आणि अंतर रंगवले होते. सत्तेचाळीस यार्ड, शेवटच्या सेकंदाला, सामना जिंकून देणारा. दुसऱ्या बाजूवर वेड्यावाकड्या देवनागरीत, स्वतः मिहीरने, 'आजीला'. मी तो हातात धरला. वजन एखाद्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाएवढे. मग तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न आला. पुस्तकांच्या कपाटात लाथ मारलेली वस्तू मी ठेवणार नव्हते, देवघराच्या खोलीत तर नाहीच. मी तो जिन्याखालच्या चपलांच्या कपाटात ठेवला. मला त्यात काही वावगे वाटले नाही; जी वस्तू पायाची, ती पायांच्या वस्तूंत. एवढी सरळ गोष्ट. परत आला त्या दिवशी मिहीरने बूट ठेवायला ते कपाट उघडले होते. तो तिथे किती वेळ उभा राहिला, ते मी स्वयंपाकघरातून पाहिले. मग त्याने आपले खेळायचे बूट चेंडूच्या शेजारी ठेवले आणि दार लावून घेतले, आवाज न करता.

आणि तो सोमवार. त्या वर्षी त्यांचा संघ बाद फेरीत पोचला होता. अडतीस यार्ड, म्हणजे त्याच्यासाठी सोपे. तो चुकला. मला त्यातले काही माहीत नव्हते. मी सकाळचा चहा गाळत होते आणि फोन वाजला. त्याने सांगितले. आवाज अगदी सपाट होता. मी म्हणाले, "बरं झालं. आता तरी परत ये." माझ्या लेखी मी त्याला घर देऊ करत होते. तो म्हणाला, "ओके, आजी." वसंतात संघाने त्याला सोडले. मग वर्ष संपेपर्यंत या गावी त्या गावी चाचण्या, मग कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया, मग माझ्या घरातली वरची खोली. त्याने चौदा महिन्यांत चेंडूला पाय लावलेला नाही, हे मला अंशुमनकडून कळले होते. फ्रिजवर चुंबकाखाली एक पत्र महिनाभर होते: वेम्बलीजवळ मुलामुलींना हा खेळ शिकवणारी एक संस्था आहे, त्यांना किक शिकवणारा माणूस हवा होता, स्वतः मारून दाखवणारा. उत्तर या शुक्रवारपर्यंत. आज बुधवार. पत्र मी वाचले होते आणि त्याच आठवड्यात यतीनला फोन केला होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. मला एकाएकी एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालातली एक दुपार आठवली. ती मी कोणाला सांगितलेली नाही. शशिधरांना फक्त वस्तुस्थिती सांगितली होती. मध्य इंग्लंडमधले एक इस्पितळ, मी एकोणतीस वर्षांची, साडीवर पांढरा कोट घालणारी एकटी. प्रसूतीच्या खोलीत आपण तासन्‌तास थांबतो. काहीच करायचे नसते, फक्त उभे राहायचे. आणि मग दीड मिनिट असे येते, की सगळे आपल्याकडे वळतात. त्या दुपारी ते दीड मिनिट आले आणि माझ्या हातून बाळ गेले. कोणी म्हणाले नाही की चूक तुमची. कोणी म्हणाले नाही की तुमची नव्हे. मी कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी बाकावर बसून परत जायचे ठरवत होते, मिरजेला, कायमचे. तेव्हा आमच्या वरिष्ठ, डॉक्टर मॅकाय, स्कॉटिश, उंच, कोरड्या स्वभावाच्या, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी आठ वाजता. पहिली केस तुमची." आणि गेल्या. खांद्यावर हात नाही, चहाचा पेला नाही. त्या एका वाक्यावर मी पुढची चौतीस वर्षे काम केले. हजारो मुले माझ्या हातांत जन्मली. त्या बाईंनी मला म्हटले असते, बरे झाले, आता तरी घरी जा, तर मी गेले असते. आज्ञाधारक होते मी. मिहीर माझ्यावर गेला आहे.

मी उठले. यतीनला वर निरोप पाठवायचा, मुलाखत रद्द, आणि मिहीरला सांगायचे, ऊठ. शब्द ओठांवर तयार होते. काठी टेकवून दोन पावले टाकली आणि थांबले. हाही निर्णय माझाच झाला असता. इथे आणले मी, इथून नेणारही मीच. मग हा मुलगा फाइल मांडीवर उभी धरून आणखी कोणत्या खुर्चीवर बसणार होता, कोण जाणे. स्वागतकक्षातली मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी परत फिरले आणि खाली बसले, आणि आयुष्यात प्रथमच असा प्रश्न विचारला ज्याचे उत्तर मी आधी ठरवलेले नव्हते.

"मिहीर, तुला आत जायचं आहे का?"

त्याने चमकून पाहिले, जणू मागे दुसरे कोणी बसले आहे की काय. मग नजर बुटांकडे वळवली. तो म्हणाला की त्याला माहीत नाही. तो म्हणाला की वेम्बलीच्या लोकांना तो नकार कळवणार आहे, कारण शिकवायचे तर मारून दाखवायला लागते, आणि त्याला आता बॉलसमोर उभे राहायची भीती वाटते. पाय स्वतःचा वाटत नाही. हे सगळे त्याने मोडक्या मराठीत सांगितले, इंग्रजी जवळ असताना. मी विचारले, त्या दिवशी चुकल्यावर नमस्कार का केला नाहीस? विसरला नव्हतास तू.

"मिस केल्यावर कसा करणार, आजी? मला वाटला, आता माझा राइट नाही."

"मिहीर, नमस्कार आपण पाय लागल्याबद्दल करतो. पुढे तो चेंडू कुठे गेला, याचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही."

कुंडीतल्या पानांवर धूळ होती. मला ती पुसावीशी वाटली. तो म्हणाला, "तू म्हणालीस, एव्हरी टाइम." मी म्हटले, म्हणाले होते. मग माझ्याकडे न पाहता, "तू माझा बॉल चपलांमध्ये ठेवलीस." त्यात तक्रार नव्हती. आठ महिने जपून धरलेली वस्तू एखाद्याने टेबलावर ठेवावी, तसे वाक्य ठेवले त्याने. मी आयुष्यात माफी फार थोड्यांची मागितली आहे आणि नातवंडांची कधीच नाही. "चुकलं माझं," मी म्हटले. "आणि त्या सोमवारी फोनवर बोलले, तेही." दोन वाक्ये, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन पावले टाकली होती, तेव्हा इतका घाम आला नव्हता.

लिफ्टचे दार उघडले आणि यतीन बाहेर आला. या वेळी मी तोंड मिटून बसले. मिहीर उठला, त्याच्याजवळ गेला आणि दोघे काही बोलले. यतीनचा चेहरा आधी गोंधळला, मग त्याने माझ्याकडे पाहिले, माझी आज्ञा अपेक्षून. मी काठीची मूठ न्याहाळत राहिले. शेवटी तो मिहीरला म्हणाला, "नो वरीज यार, पण काकूंना तूच हँडल कर." मिहीर हसला. त्याच्या आजोबांसारखा, एका गालाने.

आम्ही ईलिंगला परत निघालो. गाडीत त्याने फाइल वरच्या फळीवर टाकली होती. मांडी मोकळी होती. मला वाटले होते तो सरळ वरच्या खोलीत जाईल. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि बंद कपाटाकडे पाहत राहिला. कपाट मी उघडले. चेंडूवर धुळीचा थर होता आणि माझ्या हिवाळी बुटाची टाच त्यात रुतून एक वळ उठला होता. ओल्या फडक्याने मी तो पुसला, टोकापासून टोकापर्यंत, शिवण धरून. जन्मलेल्या मुलाला पुसतात तसा, असे लिहिण्याचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर भांडे पुसतात तसा, नीट, कोपरे न सोडता. मिहीर म्हणाला, "आता देवघरात ठेवणार?" त्याच्या आवाजात थट्टा होती. "तिथे त्याचं काय काम?" मी म्हटले. "बूट घाल."

घरापासून पाच मिनिटांवर मैदान आहे, तिथे रग्बीचे उंच पांढरे खांब आहेत. दुपारचे साडेतीन, मार्चमधले पातळ ऊन, ओले गवत, लांब एक बाई कुत्र्याला फिरवत होती. मिहीरने हातपंपाने चेंडूत हवा भरली. सुटाची पँट त्याने मोज्यांत खोचली होती आणि तो अत्यंत विनोदी दिसत होता. चेंडू धरणार कोण, हा प्रश्न मग आला. मला गुडघ्यावर बसता येत नाही. मी त्याला चेंडू गवतावर उभा धरायला सांगितले आणि माझी काठी वरून त्याच्या टोकावर टेकवली, हलकेच, रबरी बूड बरोबर मध्यावर. चेंडू उभा राहिला. मिहीरने आधी माझ्याकडे पाहिले, मग काठीकडे, आणि एकदम धंद्यातल्या माणसाच्या आवाजात सूचना दिल्या: पोलकडे बघू नकोस, बॉलकडे बघ, मी जवळ आलो तरी हलू नकोस, आणि काठी घाबरून वर उचलू नकोस. मला सूचना देणारा आमच्या घरातला माणूस बऱ्याच वर्षांनी बोलला होता. मी मान डोलावली.

तीन पावले मागे. दोन बाजूला. तो तिथे उभा राहिला आणि उभाच राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत नव्हता, पण तो कसा चालला असेल ते मला ठाऊक होते. प्रसूतीच्या खोलीत मी तो माझ्या छातीत ऐकलेला आहे. कुत्र्याची बाई थांबून पाहू लागली. मी चेंडूकडे पाहत राहिले. 'आजीला' ही अक्षरे माझ्याच बाजूला होती. मग गवतावर पावलांचा आवाज, एक झोत, आणि काठीखालून चेंडू नाहीसा होऊन तिचे बूड मातीवर टेकले. क्षणभराने डाव्या खांबावर काहीतरी आदळले, स्वयंपाकघरात स्टीलचे पातेले पडावे तसा आवाज. मी मान वर केली. चेंडू खांबाला लागून आमच्याच दिशेने परत घरंगळत होता.

मिहीर कमरेवर हात ठेवून उभा होता. ही उभे राहण्याची पद्धत मी कधी पाहिली नव्हती, तरी ओळखली. डॉक्टर मॅकाय यांचे वाक्य माझ्या जिभेवर होते. ते मी पन्नास वर्षे कोणासाठी तरी जपले होते, आणि हीच ती वेळ, असे मला वाटत होते. मी ते गिळले. या एका गोष्टीत त्याला कोणी काही सांगू नये. कुत्रे भुंकले, वरून विमान गेले, माझ्या गुडघ्यात कळ आली. मी हलले नाही.

तो काठीजवळ आला. वाकला. चेंडू जिथे उभा होता, तिथल्या ओल्या मातीला त्याने तीन बोटे टेकवली आणि ती डोळ्यांना लावली. आधी डावा, मग उजवा. पापणीवर मातीचा ठिपका राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो चेंडूकडे धावत सुटला. आठ महिन्यांत मी त्याला धावताना पाहिले नव्हते.

चेंडू घेऊन तो परत आला, दम लागलेला. "काठी हलवली नाहीस ना?" त्याने विचारले.

"नाही."

काठीच्या बुडाने मातीत एक छोटा गोल खळगा पडला होता. मी काठी किंचित उचलली, मिहीरने चेंडूचे खालचे टोक त्या खळग्यात नीट बसवले, आणि मी ती पुन्हा वरून टेकवली.